बाजाराची पायवाट

रायपूर नगराच्या जुन्या भागात तात्यापारा नावाची वस्ती आहे. छत्तीसगढी भाषेत 'पारा' म्हणजे मोहल्ला. नावाचा पूर्वार्ध मात्र मराठी कानास तत्काळ ओळखू येतो. अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढावर बसला आणि 1854 साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत तो ह्या ना त्या स्वरूपात टिकला. त्या काळापासून मराठी कुटुंबे येथे स्थायिक होत आली. 1935 साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ चौबे कॉलनीत आहे. तेथून पूर्वेस निघालेला मनुष्य आमापारा, तात्यापारा, शारदा चौक असे टप्पे घेत मालवीय रस्त्यावर आणि पुढे गोल बाजारात पोहोचतो. सारे अंतर दोन किलोमीटरांच्या आतबाहेरचे. त्यातील तात्यापारा ते शारदा चौक हा तुकडा तर अर्ध्या किलोमीटरच्या जवळपासच भरेल.

अर्धा किलोमीटर म्हणजे किती? धट्टाकट्टा प्रौढ मनुष्य सेकंदास सुमारे 1.2 मीटर चालतो. त्या हिशेबाने हे अंतर सात मिनिटांचे होते. हातात पिशवी असलेली वृद्ध स्त्री सेकंदास 0.8 मीटर चालते असे धरले, तरी दहा-अकरा मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागू नये. पावशेर मिरच्या, औषधाची बाटली, शिवणाचे दोरे अथवा शाळेची वही आणण्यासाठी एवढे चालण्यास कोणाची ना असण्याचे कारण नाही. तरीही अशा कामासाठी दुचाकी बाहेर काढणे ही भारतातील लहानमोठ्या सर्वच नगरांतील रीत होऊन बसली आहे. ज्याच्यापाशी दुचाकी नाही तो नाइलाजाने चालतो, आणि ज्यास चालणेही झेपत नाही असा वृद्ध घरीच बसून दुसऱ्याची वाट पाहतो. लोक आळशी झाले, असे त्याचे कारण पुष्कळदा सांगण्यात येते. ते निदान फार सोयीचे आहे. कारण ते मान्य केले की रस्त्याची तपासणी करण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही.

तात्यापारा आणि शारदा चौक ह्यांच्या दरम्यान धावणारा रस्ता म्हणजे जुना ग्रेट ईस्टर्न रोड. नागपुराहून रायपुरास येणारा हा ब्रिटिश काळातील राजमार्ग नगराच्या पोटातूनच गेला, आणि पुढे नगर वाढले ते त्याच्या दोन्ही अंगांनी. पश्चिमेकडून तो तात्यापाऱ्यापर्यंत ऐसपैस येतो. तेथे एकाएकी आवळतो, आणि दोन्ही बाजूंच्या दुकानांच्या व घरांच्या रांगांतून वाट काढीत शारदा चौकास मिळतो. ह्या तुकड्याच्या रुंदीकरणाचा प्रश्न कित्येक वर्षे नगराच्या चर्चेत आहे. मोबदला किती, कोणाची भिंत किती मागे सरणार, पैसा कोण देणार, ह्या मुद्द्यांवर बोलणी झाली आणि अडली. ते मुद्दे क्षुल्लक नाहीत. ज्याचे पिढीजात दुकान मोजपट्टीखाली येते त्याची चिंता खरी आहे. परंतु एवढी किंमत देऊन मिळणारी जागा कोणाच्या उपयोगी पडावी, हा प्रश्न त्या गदारोळात मागे राहतो. जागा मिळाली की तीवर वाहनांच्या किती रांगा बसतील हे प्रथम मोजण्यात येते, आणि पादचाऱ्यास उरलेसुरले दिले जाते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच की हा क्रम उलटा करावा: रस्त्याची रुंदी कडेकडून मध्याकडे मोजावी.

समजा, भिंतीपासून भिंतीपर्यंत 18 मीटर जागा मिळाली. (हा आकडा केवळ उदाहरणादाखल घेतला आहे.) रूढ पद्धतीने मधले 14 मीटर चार रांगांच्या वाहनमार्गास गेले, तर प्रत्येक बाजूस दोन मीटर उरतात. कागदावर ते पुरेसे भासतात. प्रत्यक्षात त्याच दोन मीटरांत विजेचे खांब, रोहित्राची पेटी, गटाराचे ढापे, दुकानाच्या पायऱ्या, पाट्या आणि उभ्या केलेल्या दुचाक्या ह्या सर्वांस जागा हवी असते. चालणारा मनुष्य दहा पावले वर, दहा पावले खाली असे करता करता शेवटी कंटाळून वाहनमार्गाच्या कडेनेच चालू लागतो. शेताच्या पाटाचे पाणी एके ठिकाणी बांध फुटला की सारेच तेथून निघून जाते. पादचाऱ्यांचे तसेच आहे. अर्ध्या किलोमीटरच्या पदपथात एकच जागा अशी असली की जेथे खाली उतरण्यावाचून गत्यंतर नाही, तर चार दिवसांत लोक सबंध पदपथ सोडून देतात, आणि मग पदपथ रिकामा पाहून तो अनावश्यक होता असा निष्कर्ष काढला जातो.

इंडियन रोड्स काँग्रेस ह्या संस्थेने पादचाऱ्यांच्या सोयींविषयीची आपली मार्गदर्शिका 2012 साली सुधारून प्रसिद्ध केली. तीत वस्तीच्या भागात निदान 1.8 मीटर आणि व्यापारी भागात 2.5 मीटर रुंदी सांगितली आहे, आणि ही रुंदी अडथळे वगळून मोजावयाची आहे. डोक्यावर 2.2 मीटरांपर्यंत काही लोंबता कामा नये. कडेचा दगड 15 सेंटीमीटरांहून उंच नसावा. ह्या आकड्यांमागे साधे शरीरशास्त्र आहे. चालत्या माणसाचे खांदे साठ सेंटीमीटरांच्या चौकटीत मावतात. दोन्ही हातांत पिशव्या आल्या की ती चौकट पाऊण मीटरच्या पुढे जाते. दोन चाकांच्या खुर्च्या एकमेकींच्या शेजारून जाण्यास 1.8 मीटर लागतात. कडेचा दगड वीतभर उंच झाला की तो चढण्यास गुडघ्याचा आणि भिंतीचा आधार लागतो, आणि बाजाराच्या वाटेवर भिंत नेहमीच हाताशी असते असे नाही.

तेव्हा आधीचे 18 मीटर पुन्हा मांडून पाहावे. प्रत्येक बाजूस भिंतीलगत अडीच मीटर चालण्यासाठी, त्यापुढे दीड मीटरची पट्टी झाडे, खांब, पेट्या व फेरीवाले ह्यांच्यासाठी. दोन्ही बाजू मिळून आठ मीटर गेले. मध्ये दहा मीटर उरतात. त्यांतील दीड मीटर दुभाजकास दिले तरी प्रत्येक दिशेस सव्वाचार मीटर राहतात. बस त्यातून जाईल आणि तिच्या कडेने सायकलही जाईल. ह्यावर नेहमीचा आक्षेप असा की वाहतूक तुंबेल. परंतु नगरातील रस्त्याची वाहनक्षमता बव्हंशी चौकात ठरते, दोन चौकांमधील लांबीत नव्हे. शारदा चौकात चहूकडून आलेली वाहने दिव्यापाशी थांबणारच आहेत; मधला तुकडा दुप्पट रुंद केल्याने ती चौकाशी लवकर पोहोचतील आणि तेथे अधिक लांब रांगेत उभी राहतील, एवढेच.

रुंद रस्त्याचा आणखी एक परिणाम आहे, तो रुंदीकरणाचे समर्थक क्वचितच मोजतात. रस्ता रुंद झाला की ओलांडण्यास लांब होतो. 14 मीटरांचा वाहनमार्ग प्रौढ मनुष्यास ओलांडण्यास बारा सेकंद लागतात आणि वृद्धास सतरा-अठरा. सव्वाचार मीटरांची एक बाजू वृद्धही साडेपाच सेकंदांत पार करतो, मग दुभाजकावर थांबून दुसरीकडे पाहतो. धोक्याचा काळ असा दोन लहान तुकड्यांत वाटला जातो. दुसऱ्या बाजूने वाहनाचा विचार करावा. ताशी 30 किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदास आठ मीटरांहून अधिक जाते, ताशी 50 किलोमीटर वेगाचे सुमारे चौदा. समोर मनुष्य दिसल्यापासून चालकाचा पाय दाबयंत्रावर पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. वेग दुप्पट झाला की वाहनाची गतिज ऊर्जा चौपट होते, आणि आघाताच्या वेळी तिचा काही भाग एका नाजूक शरीरावर पडतो. केंद्र शासनाच्या अहवालानुसार 2022 साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे मृत्यू पावली. त्यांतील 32,825 पादचारी होती. वर्षभर रोज सुमारे नव्वद, असा तो हिशेब होतो.

रुंदी आणि ओलांडणे ह्यांविषयी जे सांगितले ते कोणत्याही नगरास लागू पडेल. रायपूरची वाट आखताना मात्र ऊन आणि माती ह्या दोन गोष्टींपासून आरंभ करावा लागतो.

रायपूर सुमारे सव्वाएकवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे येथे सूर्य वर्षातून दोन वेळा बरोबर डोक्यावर येतो: मे महिन्याच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास. जुलैत आभाळ असते. मेअखेर नसते, आणि त्या दिवसांत पारा 42 अंशांच्या वर जाणे नित्याचे आहे. ग्रेट ईस्टर्न रोडचा हा तुकडा स्थूलमानाने पूर्व-पश्चिम जातो. मे महिन्यात सूर्य जवळजवळ ह्याच रेषेच्या वरून प्रवास करतो. सकाळी रस्त्याच्या एका टोकाशी, दुपारी माथ्यावर, सायंकाळी दुसऱ्या टोकाशी. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या इमारती कितीही उंच असल्या तरी त्यांची छाया रस्त्यावर फारशी पडत नाही. हिवाळ्यात, सूर्य दक्षिणेकडे कललेला असताना, दक्षिणेकडील इमारतींची सावली पदपथावर येते. म्हणजे ती नको असते तेव्हा मिळते आणि हवी असते तेव्हा मिळत नाही. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या गल्ल्यांची गोष्ट निराळी. तेथे सकाळी एका भिंतीची आणि तिसऱ्या प्रहरी दुसऱ्या भिंतीची सावली हमखास असते. जुन्या वस्तीतील स्त्रिया दुपारी चारच्या सुमारास हमरस्ता सोडून गल्लीने का जातात, ह्याचे उत्तर खगोलशास्त्रात आहे.

तेव्हा हमरस्त्यावर सावली हवी असेल तर ती झाडांनीच द्यावयास हवी, आणि झाडही कोणतेही चालणार नाही. गुलमोहर मे महिन्यात फुलतो तेव्हा मोठा शोभिवंत दिसतो. परंतु त्याच्या आधीचे उन्हाळ्याचे कित्येक आठवडे तो निष्पर्ण असतो, आणि वादळात त्याच्या फांद्या मोडतात. कडुनिंब आणि करंज ह्यांची जुनी पाने वसंतात गळून नवी पालवी लवकर येते, आणि कडक ऊन सुरू होईपर्यंत छत्र दाट झालेले असते. झाडाखाली हवेचे तापमान फार उतरत नाही, हे तापमापक लावून पाहिल्यास दिसेल. फरक पडतो तो किरणोत्सर्गाचा. सूर्याचे थेट किरण अडतात आणि तापलेल्या डांबरातून वर येणारी उष्णताही कमी होते. माणसास जाणवते ती हवा, सूर्य आणि जमीन ह्या तिन्हींची बेरीज. म्हणून छायेतील पन्नास पावले उन्हातील पन्नास पावलांहून निराळी असतात. झाडाच्या बुंध्याशी काँक्रीट ओतले की मुळांचे पाणी आणि हवा दोन्ही तुटतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरच्या आतील काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला, तो ह्याच कारणाने.

मातीचे प्रकार छत्तीसगढचा शेतकरी चार नावांनी ओळखतो: भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाटा म्हणजे माळावरची तांबडी, खडीमिश्रित मुरमाड जमीन. पाणी तीत थांबत नाही. कन्हार म्हणजे सखल भागातील काळी चिकण माती. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातहातभर खोल भेगा पडतात. धानास कन्हार उत्तम, पदपथास वाईट. तिच्यावर नुसती वाळू पसरून फरश्या मांडल्या, तर दोन पावसाळ्यांत एक फरशी वर येते, शेजारची खाली बसते, आणि त्या बोटभर उंचवट्याला ठेच लागून म्हातारा मनुष्य पडतो. कन्हार पुरेशी खोल काढून तीत भाट्याचा मुरूम ठोकून भरणे हे काम दिसत नाही, छायाचित्रात येत नाही. म्हणून निविदेत त्याच्यावर कात्री चालते. पृष्ठभागास चाळीसास एक असा उतार गटाराकडे दिला आणि गटाराचे ढापे पदपथाच्या पातळीत बसविले, तर जून ते सप्टेंबर ह्या महिन्यांतही वाट कोरडी राहते. रायपुरात वर्षास तेराशे मिलिमीटरांच्या आसपास पडणारा पाऊस बहुतेक ह्या चार महिन्यांतच पडतो.

हमरस्त्याविषयी एवढे झाले. परंतु तात्यापाऱ्याहून बाजारास जाणारी वाट एकच नाही. दक्षिणेच्या अंगास ब्राह्मण पारा, कंकाली पारा, सत्ती बाजार अशा जुन्या वस्त्या आहेत, आणि त्यांच्या गल्ल्यांतून मनुष्य सदर बाजारात सराफांच्या दुकानांपाशी आणि तेथून गोल बाजारात निघतो. ह्या वाटेवर कंकाली तलाव आहे. रायपूर हे मुळात तलावांचे नगर. बूढा तलाव, तेलीबांधा ही त्यांतील मोठी नावे. तलावाच्या पाळीवरून चालण्याची सवय ह्या नगरास रस्ते आखले जाण्यापूर्वीपासूनची आहे. गल्ल्यांत मोजणीदारास सरळ रेषा सापडत नाही, पण तेथे वाहन आपोआप सावकाश चालते, सावली मिळते आणि दारात बसलेल्या माणसांची नजर असते. अंधार पडल्यावर एकट्या मुलीने कोणत्या वाटेने जावे, ह्याचा निर्णय घरातील मंडळी ह्या शेवटच्या गोष्टीवरूनच करतात.

अशा वस्तीकडे कसे पाहावे हे भारतास शिकविणाऱ्यांत पॅट्रिक गेडिस ह्यांचे नाव अग्रगण्य आहे. मूळचे जीवशास्त्रज्ञ असलेले हे स्कॉटिश गृहस्थ 1914 साली भारतात आले. 1919 ते 1924 ह्या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र ह्या विषयांचे प्राध्यापक होते. नगराचा आराखडा करण्यापूर्वी ते त्या नगरातून दिवसच्या दिवस पायी हिंडत. वैद्य औषध देण्यापूर्वी नाडी पाहतो, त्याप्रमाणे आराखड्यापूर्वी निदान झाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. जुन्या मोहल्ल्यातून रुंद सरळ रस्ता काढून शेकडो घरे पाडण्याऐवजी एखादी पडकी भिंत दूर करावी, आडव्या आलेल्या ओट्याचा कोपरा कापावा, कोंडलेल्या चौकात झाड लावावे आणि वाट मोकळी करावी, अशी त्यांची रीत होती. होळकरांच्या इंदुरात त्यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. प्लेगाचे भय असताना त्यांनी दिवाळीची मिरवणूक ठरविली आणि असे जाहीर करविले की ज्या रस्त्यांवरील लोक आपली घरे व अंगणे उत्तम स्वच्छ करतील, त्याच रस्त्यांवरून मिरवणूक जाईल. लोकांनी कचरा काढला, भिंती रंगविल्या, वाटा दुरुस्त केल्या. त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल 1918 साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. मिरवणुकीच्या ह्या युक्तीत थोडे नाटक होते हे खरे. पण वाट आधी ठरवून जाहीर केली की तिच्या कडेची घरे आपण होऊन तिचा सांभाळ करू लागतात, ही गोष्ट तीतून सिद्ध झाली.

ह्याच्या नेमक्या उलट टोकाचा नमुना रायपुरातच पाहावयास मिळतो. शास्त्री चौकाच्या परिसरात पादचाऱ्यांसाठी उंचावरून जाणारा मार्ग, ज्यास स्कायवॉक म्हणतात, बांधण्याचे काम 2017 च्या सुमारास सुरू झाले. 2018 च्या अखेरच्या सत्तांतरानंतर ते थांबले आणि त्याचा लोखंडी सांगाडा कित्येक वर्षे रस्त्याच्या डोक्यावर तसाच उभा राहिला. 2025 साली तो पूर्ण करण्याचा निर्णय झाला. थांबविणे योग्य की पुरे करणे योग्य, हा वाद राजकारणाचा आहे आणि तो तेथेच राहू द्यावा. तांत्रिक प्रश्न त्याहून जुना आहे. सहा मीटर उंची चढण्यास चाळीस पायऱ्या लागतात. त्यात खर्च होणारी शक्ती सपाटीवर सत्तर-ऐंशी मीटर चालण्याइतकीच असते; म्हणजे तरुण माणसास ती काहीच नव्हे. परंतु गुडघ्यावर येणारा भार शक्तीच्या हिशेबात दिसत नाही, आणि ज्यांच्यासाठी रस्ता ओलांडणे सर्वांत कठीण आहे त्यांनाच तो भार सर्वांत जड होतो. मुंबईत वांद्रे पूर्वेस 2008 साली असा पहिला मार्ग खुला झाला. रेल्वे स्थानकाशी जोडलेल्या अशा मार्गास निदान एक आधार आहे: गाडीतून उतरलेला प्रवासी स्थानकाच्या पुलावर आधीच चढलेला असतो, त्यास पुन्हा चढावे लागत नाही. घरून निघालेली गृहिणी मात्र जमिनीवर असते, भाजीवाला जमिनीवर असतो आणि दुकानाचा उंबरठाही जमिनीवर असतो. तिघांना भेटविण्यासाठी एकीस आभाळात चढविणे, ह्यास नियोजन म्हणणे कठीण आहे.

जेथे नगर नव्याने वसते तेथे हा प्रश्न आरंभीच सोडविता येतो. रायपूरच्या शेजारी भिलाई येथे सोव्हिएत संघाच्या साहाय्याने पोलाद कारखाना उभारण्याचा करार 1955 साली झाला, आणि कारखान्यासोबत वसविलेली वसाहत सेक्टरांत विभागून आखण्यात आली. चंदीगढातही सेक्टराची मापे 800 मीटर व 1200 मीटर अशी ठेवली, ती रोजच्या वस्तू पायी जाऊन आणता याव्यात ह्याच हेतूने. अशा वसाहतींतील अंतरे योग्य आहेत. त्यांत कधीकधी उणीव भासते ती दुसरीच. रुंद रस्ते आणि दूर दूर दारे असल्यामुळे वाट सुनी वाटते. जुन्या वस्तीस गर्दीचा त्रास आहे, नव्या वस्तीस एकांताचा.

दुकानदारांची भीती वेगळी असते. दाराशी गाडी उभी राहिली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही, असे ते म्हणतात. कोपनहेगन नगरात 1962 साली मुख्य बाजारपेठेचा रस्ता केवळ पादचाऱ्यांसाठी राखून ठेवला, तेव्हा तेथील व्यापाऱ्यांनीही हीच शंका काढली होती. पुढे तो रस्ता त्या नगराची भरभराटीची पेठ ठरला. डेन्मार्क दूरचा देश आहे, हवा थंड आहे, असे म्हणता येईल. पुणे तितके दूर नाही. पुणे महानगरपालिकेने 2016 साली पादचारी धोरण स्वीकारले. त्यानंतर जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ, बसण्याच्या जागा आणि झाडांभोवती मोकळी आळी अशी पुनर्रचना झाली. लक्ष्मी रस्त्यासारखी गजबजलेली पेठ 2021 सालापासून 11 डिसेंबरच्या पादचारी दिनी वाहनांस बंद ठेवून पाहण्यात आली. एका दिवसाच्या प्रयोगाने धोरण सिद्ध होत नाही, पण भीती किती खरी आणि किती ऐकीव हे तपासण्यास तो पुरेसा असतो. तात्यापाऱ्यातील वस्त्रांच्या वा भांड्यांच्या दुकानदारासही असा एक दिवस मागता येईल. भिंत पाडण्यापेक्षा तो स्वस्त पडेल.

फेरीवाल्यांविषयी येथे थोडे स्पष्ट बोलले पाहिजे, कारण पदपथाचा विषय निघाला की प्रथम त्यांना हटविण्याची भाषा सुरू होते. जमिनीवर मांडलेल्या भाजीच्या दुकानास छत्तीसगढीत 'पसरा' म्हणतात. लाल भाजी आणि चेच भाजी घेऊन बसलेली पसरेवाली हीच पुष्कळांच्या बाजाराच्या फेरीचे मूळ कारण असते. तिला हटवून मोकळ्या केलेल्या पदपथावर चालण्यास कोणी येणार नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने नगरोनगरी विक्रेत्यांची गणना करून, नगर पथविक्रेता समितीच्या विचाराने जागा ठरवून देण्याची रीत घालून दिली आहे. वर सुचविलेली दीड मीटरची झाडांची पट्टी ह्या कामास उत्तम आहे. सावलीत पसरा आणि भिंतीलगत अडीच मीटरांची मोकळी वाट, अशी दोन्हींची सोय होते. सर्वोच्च न्यायालयाने 2025 च्या मे महिन्यात योग्य पदपथाचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे असे सांगितले आणि राज्यांनी त्यासाठी नियम करावेत असा आदेश दिला. त्या हक्काचा अर्थ गरीब विक्रेत्यास उठविणे असा करण्यात आला, तर एका नागरिकाचे जीवित दुसऱ्याच्या उपजीविकेवर उभे केल्यासारखे होईल.

आरंभ कोठून करावा? मोबदल्याचा निवाडा होईपर्यंत हमरस्त्यास हात लावता येणार नाही हे मान्य करूनही गल्ल्यांचे काम थांबण्याचे कारण नाही. तेथे कोणाची जमीन संपादन करावी लागत नाही. शाळेतील वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांस मोजपट्टी, घड्याळ आणि वही देऊन तात्यापारा चौकापासून गोल बाजारापर्यंतच्या दोन्ही वाटांची पाहणी करविता येईल: कोठे वाट 1.8 मीटरांहून अरुंद होते, कोठे ढापा तुटला आहे, कोठे पाणी साचते, कोणत्या वेळी कोठे सावली असते, कोणत्या वळणावर दिवा नाही, आणि सत्तरीच्या आजोबांस पूर्ण अंतर चालण्यास किती मिनिटे लागली. अशी पाहणी एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टात व्हावी, कारण ही वाट दोन ऋतूंत दोन निरनिराळ्या वाटा असतात. त्या वहीतील नोंदी महानगरपालिकेच्या अभियंत्यापुढे ठेवल्या, तर दुरुस्त करावयाच्या जागा बहुधा मोजक्याच निघतील.

झाडांस मात्र उशीर करून चालणार नाही. कंकाली तलावाची पाळ, देवळांची आवारे आणि गल्ल्यांचे रुंद कोपरे ह्या जागा कोणत्याही रुंदीकरणात सापडण्याचा संभव कमी आहे. तेथे मे महिन्यात खड्डे खणून तापू द्यावेत आणि जूनच्या मध्यानंतर, पहिला चांगला पाऊस झाल्यावर, माणसाच्या उंचीची करंजाची व कडुनिंबाची रोपे लावावीत. त्यांची छाया डोक्यावर येण्यास सहा-सात वर्षे लागतात, आणि तोवर दुकानांपुढे ताणलेल्या कापडी छपरांवरच भागवावे लागेल.